रविवारची पाटफेरी : सभासदांना सूचना

पाटाकाठचे पक्षी-प्राणी पाहायला येत्या रविवारी सकाळी पावणेसातला गिरणेवरच्या जामदा बंधाऱ्याच्या डाव्या कालव्यावर, नेहमीच्या पुलावर जमायचे आहे. सात वाजता निघू, थांबणार नाही. मागच्या वेळी चहापायी अर्धा तास गेला आणि तोवर मुंगसाची जोडी कपाशीत शिरली ती शिरलीच.

रब्बीच्या आवर्तनाचे, म्हणजे पिकांसाठी पाळीने सोडायचे, पाणी कालव्याला सुटले आहे. काठचा मातीचा भराव निसरडा आहे, म्हणून चपला नकोत, बूट घाला. पाणी भरून वाहत असले की बगळे आणि वंचक (बगळ्याच्याच कुळातला तपकिरी पक्षी) पाझराच्या डबक्यांकडे सरकतात. लांब तांबड्या पायांचा शेकाट्याही तिथेच दिसेल. कवड्या खंड्या मात्र वाहत्या पाण्यावरच शोधा. तो एका जागी पंख फडफडवत हवेत थांबतो आणि मग सरळ खाली सूर मारतो. तारेवर बसलेला निळा पक्षी दिसला की लगेच ‘खंड्या’ लिहू नका, तो नीलपंखही असतो. धोबी दिसला तर भुवई पाहा : काळ्या डोक्यावर ठसठशीत पांढरी भुवई असेल तर तो इथलाच थोरला धोबी, हिवाळी पाहुण्याचा चेहराच पांढरा असतो.

उदमांजर रात्री फिरते, आपल्याला बहुधा विष्ठाच सापडेल. आकार कळावा म्हणून तिचा फोटो शेजारी पेन ठेवून काढा. बिळांत काठ्या घालू नयेत, हे पुन्हा सांगावे लागते आहे.

वही, दुर्बीण, पाणी आणा. केळीच्या बागेत मालकाला विचारल्याशिवाय शिरायचे नाही. येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत कळवावे.