फॉक्सट्रॉटची उरलेली सहा मिनिटं

भुसावळ
२ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "प्रोग्रेसिव्ह रॉकचे सर्वांत मोठे दहा अल्बम काढ, क्रमाने, कारणांसकट." म्हणजे आपलं ते सत्तरच्या दशकातलं, लांबलचक रचनांचं रॉक. त्याच दिवशी वही घेऊन बसलो. पण पत्र लिहायला घेतलं ते तुझ्या दुसऱ्या वाक्यामुळे. जाता जाता म्हणालास, "सपर्स रेडी त्या कॅसेटनंतर मी पुन्हा ऐकलंच नाही." मी फोनवर काही बोललो नाही. पण भो, याचा अर्थ जेनेसिस बँडच्या 'फॉक्सट्रॉट' अल्बममधलं ते शेवटचं गाणं तू कधीच पूर्ण ऐकलेलं नाहीस. त्यावर मी शेवटी येतो.

आधी कॅसेट आठव. तुझ्या मावसभावाने मुंबईहून भरून आणलेली, नव्वद मिनिटांची. एका बाजूला 'थिक अ‍ॅज अ ब्रिक', दुसऱ्या बाजूला 'फॉक्सट्रॉट', लेबलवर निळ्या शाईत दोन्ही नावं चुकीच्या स्पेलिंगने. तुमच्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या खोलीत, मे महिन्यात, कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतून आपण ऐकायचो. फीत सैल पडली की तू पेन घालून चाक फिरवायचास, आणि मी हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवायचो. तुझी आई दारातून विचारायची, "हे काय लावी राह्यले रे पोरं हो?" आणि उत्तराची वाट न बघता दोन ग्लास पन्हं ठेवून जायची.

'थिक अ‍ॅज अ ब्रिक' (१९७२) म्हणजे जेथ्रो टल या बँडचं एकच गाणं, जवळजवळ ४४ मिनिटांचं. मूळ तबकडीवर ते अर्ध्यात तोडावं लागलं होतं, कारण तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटंच नीट बसतात. इंग्लंडमधल्या माणसाला उठून तबकडी उलटावी लागायची. आपल्या नव्वदच्या कॅसेटच्या एका बाजूला मात्र ते सलग मावलं. भुसावळात आपण ते अखंड ऐकत होतो! ही गोष्ट मला फार वर्षांनी कळली आणि त्या दिवशी मी खूप खूश होतो.

आता यादी. दहा नावं लिहायला बसलो की सहावं, सातवं, आठवं कुठलं यावर तीन रात्री जातात आणि त्यातून काही हाती लागत नाही. म्हणून मी एकच कसोटी लावली. लांबी हक्काची आहे का? या संगीतावर पहिला आरोप लांबण लावण्याचाच होतो. पण आपण दोघं ज्या मुलखात वाढलो तिथे वहीगायन, आपलं ते लोकगायन, रात्रभर चालतं, आणि माणसं घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. लांबीचं आपल्याला भय नाही. विलंबित ख्यालात तासभर विस्तार होतो आणि मग गायक मुखडा घेऊन समेवर येतो, तेव्हा तो मुखडा पहिल्या वेळचा राहिलेला नसतो. मधला सगळा प्रवास त्याच्यात उतरलेला असतो. मोठा अल्बम मला तोच वाटतो, ज्यात परत येणं कमावलेलं आहे.

या कसोटीवर पहिला 'क्लोज टू द एज', येस नावाच्या बँडचा, सप्टेंबर १९७२. तीनच गाणी, अडतीस मिनिटांच्या आत सगळं संपतं. शीर्षकगीत एक अख्खी बाजू व्यापतं, अठरा मिनिटांहून जास्त. सुरुवातीला पाणी आणि पाखरं, मग एकदम सगळी वाद्यं एकमेकांच्या अंगावर आल्यासारखी. पहिल्यांदा ऐकताना तुला वाटलं होतं की टेप बिघडली. मग मधे सगळं निवतं, आवाज एकावर एक चढत जातात आणि रिक वेकमनचा चर्च ऑर्गन येतो. भर पावसात हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तापीकाठी उभं राहिलं की छातीत जे होतं, ते मला त्या ऑर्गनने होतं. त्यानंतर सुरुवातीची चाल परत येते आणि शेवटी पुन्हा तेच पाणी, तीच पाखरं. सगळ्यात नवल याचं की हे सलग वाजवलेलं नाही. स्टुडिओत तुकड्या-तुकड्याने ध्वनिमुद्रण केलं आणि फिती कापून जोडल्या. सांधा मात्र कानाला लागत नाही.

दुसरा 'रेड', किंग क्रिमसन, १९७४. इथे तू भांडशील, कारण तुझ्या यादीत क्रिमसनचा पहिला अल्बम आहे, १९६९चा. त्याचा मान मी ठेवतो. मेलोट्रॉनचा तो पसरत जाणारा आवाज त्यांनीच आपल्या कानात घातला. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली फितीचा एकेक तुकडा असतो, त्यावर व्हायोलिनचा किंवा बासरीचा एक सूर भरलेला. पट्टी दाबली की फीत सरकते, आणि साधारण आठ सेकंदांनी संपते. बोट उचलून पुन्हा दाबायचं. आपल्या कॅसेटचाच भाऊबंद आहे तो! पण त्या अल्बमात 'मूनचाइल्ड'ची शेवटची कित्येक मिनिटं सूर चाचपडत राहतात, आणि तिथे माझं लक्ष दर वेळी खिडकीबाहेर जातं. 'रेड'मध्ये असं एकदाही होत नाही. 'स्टारलेस' आठव. जॉन वेटनचा उदास आवाज संपतो आणि मग रॉबर्ट फ्रिप गिटारवर एकच सूर धरून बसतो. खाली तेरा मात्रांचं चक्र संथ फिरतंय, वर तो एकटा सूर, हळूहळू चढणारा. काही मिनिटं असंच. ताण इतका वाढतो की श्वास लांबवता येत नाही. मग तो बांध फुटतो, आणि अगदी शेवटी सुरुवातीची चाल परत येते, तेव्हा माझे डोळे दर वेळी भरतात. हा अल्बम बाजारात येण्याआधीच फ्रिपने बँड मोडला होता, हे ठाऊक असलं की ते आणखी लागतं. आणि एक बघ, माझ्या पहिल्या दोन्ही अल्बमांवर ड्रम एकाच माणसाचे आहेत. बिल ब्रुफर्ड. 'क्लोज टू द एज' पूर्ण करून तो येस सोडून क्रिमसनमध्ये गेला.

तिसरा पिंक फ्लॉइड, पण तुझा 'डार्क साइड ऑफ द मून' नाही. 'विश यू वेअर हिअर', १९७५. 'डार्क साइड'ला मी कमी लेखत नाही. त्यातलं 'मनी' सात मात्रांत आहे हे तबल्याच्या क्लासमुळे मलाच आधी कळलं होतं आणि मी तुझ्या टेबलावर रूपक ताल धरला होता, "तीं तीं ना धी ना धी ना". जमेना, आठवतं? मात्रा बरोबर, तरी चाल वेगळी. आता कळतं का ते. रूपकात पहिली मात्राच खाली, तिथे वजन काढून घ्यायचं असतं. 'मनी'त बास पहिल्या मात्रेवर पाय रोवून उभा राहतो. सात तेच, पण आपला सात उचलून चालतो आणि त्यांचा दाबून. आणि गिटारच्या सोलोला ते सरळ चार मात्रांवर येतात, तेव्हा रस्ता एकदम मोकळा होतो. सुंदर अल्बम आहे. पण 'विश यू वेअर हिअर'मध्ये एक माणूस हरवलेला आहे, आणि सगळा अल्बम त्याच्यासाठी आहे. 'शाइन ऑन' हे गाणं दोन भागांत तोडून एक सुरुवातीला, एक शेवटी ठेवलं, म्हणजे बँडचा सुरुवातीचा गायक सिड बॅरेट, त्याची आठवण दोन्ही दारांशी उभी. ५ जून १९७५ला तो स्वतः अ‍ॅबी रोड स्टुडिओत आला, अंगाने सुटलेला, डोक्यावरचे आणि भुवयांचे केस काढलेले, आणि जुन्या सोबत्यांना आधी ओळखूच आला नाही. गिलमोरच्या गिटारीचे ते सुरुवातीचे चार सूर ऐकताना मला आपल्या वर्गातला एक जण आठवतो. नाव लिहीत नाही, तुला कळेल.

चौथ्यावर 'थिक अ‍ॅज अ ब्रिक'. पाचवा इटलीच्या पीएफएम बँडचा 'पेर उन अमिको', १९७२. भाषा कळत नाही, तरी बासरी आणि गिटार इतक्या मायेने वाजतात की अर्थाची गरज पडत नाही. सहावा व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा 'पॉन हार्ट्स', १९७१. तो रात्री एकट्याने ऐकू नकोस. पुढच्या काळातला एकच घेतला, पॉर्क्युपाइन ट्रीचा 'इन अ‍ॅब्सेन्शिया', २००२. एमर्सन, लेक अँड पामर हा बँड मी पूर्ण वगळला. बोटांची तयारी अफाट आहे, पण तयारी दाखवणं आणि गाणं यात मला फरक करावासा वाटतो. आठ ते दहा तुझ्यासाठी रिकामे ठेवतो.

आता 'फॉक्सट्रॉट', जेनेसिस, ऑक्टोबर १९७२. अल्बम म्हणून मी त्याला पहिल्या तीनात घेत नाही, पहिली बाजू वरखाली आहे. पण 'सपर्स रेडी'हून मोठी एकटी रचना या संगीतात नाही, असं माझं पक्कं मत झालंय. जवळजवळ २३ मिनिटं, सात भाग. आणि हिशोब कर. सगळा अल्बम ५१ मिनिटांचा. कॅसेटची एक बाजू ४५ची. 'सपर्स रेडी' सुरू होतं अठ्ठाविसाव्या मिनिटानंतर. म्हणजे सतरा मिनिटं झाली की फीत संपायची. नेमकी कुठे? नऊ मात्रांच्या त्या भागात, जिथे बास आणि ड्रम आपलं चक्र सोडत नाहीत आणि टोनी बँक्सचा ऑर्गन त्यावरून स्वतःच्या हिशोबाने फिरतो. ऑर्गन चढतोय, चढतोय, आणि "खट्". प्लेचं बटण वर यायचं. आपल्याला वाटायचं गाणंच तसं आहे, तोडून टाकलेलं. तू तर म्हणायचास की हे धाडस कुणात नाही.

२००४मध्ये पुण्यात मला ती सीडी मिळाली. घरी आलो, सगळे झोपल्यावर लावली. ती जागा आली तेव्हा माझा हात आपोआप बटणाकडे गेला. पण ऑर्गन थांबला नाही. पुढे गेला, आणखी वर गेला, आणि मग, मित्रा, अगदी सुरुवातीची ती हळुवार चाल, दोघा प्रेमिकांच्या खोलीतली, परत आली. तीच, पण आता मोठी झालेली, घंटा वाजताहेत, पीटर गेब्रियल जीव तोडून गातोय. मी अंधारात उभा राहिलो. नऊ-दहा वर्षं आपण मुखड्याशिवाय ते गाणं ऐकत होतो. तुला लगेच फोन करायचा होता, पण तुझे वडील जाऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. नंतर राहून गेलं, आणि मग मी धरून चाललो की तू कुठेतरी ऐकलं असशील.

तेव्हा आता एकट्याने ऐकू नकोस, मोबाइलवर तर नकोच. डिसेंबरात तू येतोच आहेस. बामणोदची वांगी सांगून ठेवतो, काड्यांवर भाजून बडगीत, त्या लाकडी भांड्यात, ठेचू, कळण्याच्या पुऱ्या घरून आणू. शेतावर लाइट रात्री दहानंतर असते. स्पीकर मी घेऊन येतो. ती कॅसेट अजून तुझ्याकडे असेल तर बॅगेत टाक.

तुझाच,
मागच्या बाकावरचा