‘आले किती?’ असं विचारणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. तुमच्या लेखी तो एका संध्याकाळचा पाऊण तास होता, तोही दुसऱ्या टीममधल्या एका अनोळखी मुलासाठी दिलेला. मी तेव्हा धड आभारही मानले नाहीत. प्रोग्रॅममधला दोष सापडल्याच्या आनंदात ‘थँक्स’ एवढं पुटपुटून कीबोर्डकडे वळलो होतो. म्हणून हे पत्र. ते खुलं ठेवलंय, कारण मी अडकलो तिथेच अजूनही अनेक जण अडकतात आणि तुमचा तो प्रश्न त्यांच्याही कानावर पडायला हवा.

सी भाषेत एक क्लायंट आणि एक सर्व्हर लिहायचा होता. क्लायंटने ४०९६ बाइटची एकेक नोंद पाठवायची, सर्व्हरने ती घेऊन फाइलमध्ये टाकायची, एवढंच काम. सॉकेट (नेटवर्कवरच्या जोडणीचं टोक) उघडायचा, मग बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट हा क्रम मला पाढ्यासारखा पाठ होता. दोन्ही प्रोग्रॅम एकाच मशीनवर, म्हणजे मशीनने स्वतःशीच बोलायच्या १२७.०.०.१ या पत्त्यावर, चालवले. हजारो नोंदी गेल्या आणि बाइट न् बाइट जुळला. मग क्लायंट दुसऱ्या मशीनवर नेला आणि फाइलची पार दशा झाली. नोंदीचं तोंड नवं, शेपूट आधीच्या नोंदीचं. मध्येच दहा-बारा नोंदी अगदी शहाण्यासारख्या यायच्या, की पुन्हा सरमिसळ.

तीन दिवस मी दोष दुसऱ्यांच्या माथी मारत होतो. केबल खराब असेल, स्विच खराब असेल, पॅकेटं, म्हणजे वाटेवरचे मजकुराचे तुकडे, हरवत असतील. हरवलेलं पॅकेट टीसीपी (दोन प्रोग्रॅममध्ये बाइट नीट पोचवणारी नेटवर्कची पद्धत) स्वतःच पुन्हा पाठवतं हे वाचलेलं होतं, पण अडचणीत माणूस वाचलेलं सगळं विसरतो. शेवटी वैतागून प्रत्येक रिसीव्हच्या, म्हणजे आलेले बाइट मागणाऱ्या हाकेच्या, आधी एक सेकंदाचा स्लीप, म्हणजे थांबा, टाकला. आणि ते चाललं! तासाला ३६०० नोंदींच्या वर काम सरकत नव्हतं, पण फाइल स्वच्छ येत होती. मी जवळजवळ तेच पुढे पाठवणार होतो.

तेवढ्यात तुम्ही मागून जाता जाता थांबलात आणि म्हणालात, “हा झोपतो कशाला?”

मी पाच मिनिटं नेटवर्कच्या नावाने बोटं मोडली. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, “आले किती?”

“चार हजार शहाण्णव.”

“ते तू मागितलेस. आले किती?”

मी कोडकडे पाहिलं. रिसीव्ह जो आकडा परत देतं तो मी कुठे ठेवलाच नव्हता. बोलावलं, काम झालं असं गृहीत धरलं आणि बफरमधले (आलेलं ठेवायच्या जागेतले) ४०९६ बाइट डोळे मिटून फाइलमध्ये ओतले. तुम्ही कीबोर्डला हात लावला नाहीत. स्लीप माझ्याच हातून काढायला लावलात आणि तो आकडा छापायला सांगितलात. पडद्यावर आलं: १४४८, १४४८, १२००. खाली पुढच्या नोंदीचे २८९६ आणि १२००.

त्या पहिल्या तीन आकड्यांची बेरीज करताना माझा चेहरा कसा झाला असेल ते तुम्हीच पाहिलंत.

मग तुम्ही कागद ओढून १५०० लिहिलंत. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे तारेवरून एका वेळी जाणाऱ्या गठ्ठ्यात, साधारणपणे एवढेच बाइट मावतात. त्यातून आयपीच्या हेडरचे (मजकुराआधी जोडलेल्या पत्त्याबित्त्याच्या माहितीचे) २० वजा, टीसीपीच्या हेडरचे २० वजा, वर टाइमस्टॅम्पच्या पर्यायाचे १२ वजा. उरले १४४८. आणि एकाच मशीनवर का चाललं? लिनक्सवर लूपबॅकची, म्हणजे मशीनच्या या आतल्या वाटेची, मर्यादा ६५,५३६ बाइट असते. माझी नोंद त्या दारातून न मोडता जात होती. म्हणजे माझा प्रोग्रॅम पहिल्या दिवसापासून चुकीचा होता, फक्त लूपबॅक त्याला पाठीशी घालत होतं. स्लीपचंही तेच. सेकंदभरात सगळे तुकडे कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) बफरमध्ये येऊन पडायचे आणि मला ते एका दमात मिळायचे.

ताई, हे आकडे मला इतके आवडले होते की मी लगेच १४४८ धरून कोड लिहायला निघालो होतो. तुम्ही तो कागदच चुरगळलात. “उद्या सात आले तर?” टीसीपी म्हणजे नळ, असं तुम्ही म्हणालात. वरून कोणी तांब्याने ओतलं की बादलीने, ते खालच्या माणसाला कळत नाही, त्याला नुसती धार दिसते. ‘नोंद’ ही गोष्ट माझ्या डोक्यात आहे, टीसीपीला ती ठाऊकच नाही. तो बाइट हरवू देत नाही आणि त्यांचा क्रम बिघडू देत नाही, पण एक नोंद कुठे संपली हे सांगण्याचं काम त्याने कधी अंगावर घेतलेलंच नाही. माझ्या तीन दिवसांचं उत्तर या एका वाक्यात होतं.

पुढचं मग भराभर झालं. किती हवेत, किती आले, किती उरले हे मोजत राहणारं लूप. उणे एक आलं तर चुकीचं कारण सांगणारा एररनो बघायचा, सिग्नलमुळे (प्रोग्रॅमला मध्येच आलेल्या सूचनेमुळे) तुटलं असेल तर पुन्हा मागायचं. आणि शून्य आलं तर समोरच्याने आपली बाजू बंद केली, आता काही येणार नाही. या शून्यापाशी मला दुसरा धक्का बसला. क्लायंट संपला की माझा सर्व्हर शेवटचीच नोंद फाइलमध्ये पुन्हा पुन्हा लिहीत सुटायचा आणि मी तो हाताने बंद करायचो. तो मी निराळा, किरकोळ दोष समजत होतो. तोही त्याच न पाहिलेल्या आकड्याचा प्रताप निघाला.

नोंदी लहानमोठ्या करायच्या झाल्या तर प्रत्येकीच्या आधी चार बाइटमध्ये लांबी पाठव, हेही तुम्हीच सांगितलंत. ती नेटवर्कच्या क्रमाने, मोठा बाइट आधी. (याची अद्दल मला आधीच घडली होती. पोर्ट, म्हणजे सर्व्हरचा दार क्रमांक, ८०८० देताना बाइट नेटवर्कच्या क्रमाने लावणारं एचटॉन्स विसरलो आणि सर्व्हर ३६८९५ वर जाऊन बसला होता.) वर तुमची पुस्ती होती, “पलीकडून चार अब्ज लांबी आली तर तेवढी मेमरी मागणार का?” ती मर्यादा तपासणारी ओळ आजही माझ्या प्रत्येक सर्व्हरमध्ये आहे. सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला की ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणून तो का रुसतो हेही त्याच ओघात निघालं. त्यासाठीचा, तोच पत्ता लगेच पुन्हा वापरू देणारा सॉकेटचा रीयूज पर्याय मी टाकला. आधी मी मिनिटभर नुसता वाट बघत बसायचो.

थोडा राग माझ्या मनात अजूनही आहे, तो शिकायला मिळणाऱ्या नमुना प्रोग्रॅमांवर. त्यांतला क्लायंट ‘हॅलो’ पाठवतो, सर्व्हर ‘हॅलो’ छापतो. इंग्रजीतली ती पाच अक्षरं जवळजवळ नेहमी एकदमच पोचतात, मग लूपची गरज कोणाला दिसणार? त्यात १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीपासून सॉकेट हा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलच्या क्रमांकासारखा आकडा, म्हणूनच हातात येतो, रीड-राइटही त्यावर चालतं. सोय मोठी आहे, पण फाइल वाचण्याची सवय लागलेला माणूस मागितलं तेवढं मिळणारच असं धरून चालतो. मी धरलं होतं.

आता या पत्राचं खरं कारण सांगतो. त्या संध्याकाळी उठता उठता तुम्ही म्हणाला होतात, “आता सेंडकडेही बघ, गेले किती ते.” मी मान डोलावली आणि बघितलं नाही. ब्लॉकिंग सॉकेट होता, सेंड सगळं कर्नलच्या बफरमध्ये जाईपर्यंत थांबायचं, त्यामुळे काही बिघडलं नाही. सहा महिन्यांनी अनेक क्लायंट एकाच थ्रेडवर सांभाळायला, कोणता सॉकेट तयार आहे ते सांगणारं पोल वापरलं, सॉकेट नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे न थांबणारे, केले, आणि एका संथ क्लायंटला अर्धवट उत्तरं जाऊ लागली. या वेळी केबलला शिव्या दिल्या नाहीत. सेंडने परत दिलेला आकडा छापला. कर्नलचा बफर भरला होता, सेंड मावलं तेवढंच घेऊन परत येत होतं आणि उरलेलं मी टाकून देत होतो. आता उरलेलं प्रत्येक क्लायंटच्या रांगेत राहतं आणि बफरमध्ये जागा झाल्याचं पोलने सांगितलं की पुढे जातं.

तर ताई, सेंडकडे बघितलं. जरा उशिरा बघितलं, एवढंच कळवायचं होतं.

आपला,
तो स्लीप टाकणारा मुलगा