विषय: तुमच्या 'ऑल सीझन' सीट पॅडबद्दल चौथी आणि शेवटची तक्रार

दिनांक : २६ मे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल दुपारी तुमच्या माणसाचा फोन ठेवून पाच मिनिटं झाली नाहीत तोच मोबाइलवर मेसेज आला : 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.' कुणाचं समाधान झालं? माझं झालेलं नाही. तेव्हा आधी ती बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा आणि मग पुढचं वाचा.

दुचाकीच्या सीटवर बांधायचं हे पॅड तुमच्याच वेबसाइटवरून ९ डिसेंबरला घेतलं. किंमत २,८९९ रुपये. बिल, खोक्याचे फोटो आणि आधीच्या तीन मेल सोबत पुन्हा जोडतोय, कारण दर वेळी नवा माणूस फोनवर येतो आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लावतो.

मी द्राक्षाच्या औषधांच्या विक्रीत आहे. निफाड, पिंपळगाव, लासलगाव, येवला हा माझा भाग. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर गाडीवर होतात. मूळ सीटचा फोम दबून गेला होता, संध्याकाळी माकडहाड ठणकायचं. गॅरेजशेजारचा सीटवाला सातशे रुपयांत चांगला फोम घालून नवं रेक्झिन चढवून देणार होता. मी त्याला नको म्हणालो, कारण तुमच्या खोक्यावर छापलंय : 'उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. रोजच्या प्रवासासाठी.' या एका ओळीवर विश्वास ठेवून मी पैसे भरले. तुमचे हातमोजे चार वर्षं वापरतोय, एक टाका उसवलेला नाही. त्यामुळे शंका घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही.

आधी थंडीचं सांगतो. जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून लोक बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटेच ठिबक चालू करतात. अशा वेळी मला सकाळी सातच्या आत बागेत असावं लागतं. रात्रभर अंगणात राहिलेलं तुमचं पॅड पहाटे फळीसारखं कडक झालेलं असायचं. मेमरी फोम, म्हणजे अंगाच्या उबेने मऊ होऊन आकार घेणारा फोम, गारठ्यात आखडतो हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तो तुम्हीच भरलाय. वर जेलचा थर. तो अंगातली ऊब ओढून घेतो, पँटमधून थेट हाडापर्यंत गार लागतो. दहा-पंधरा किलोमीटरनंतर कुठे जरा मऊ व्हायला लागतं, तोवर मी पोचलेलो असतो. अर्ध्या तासाने परत यावं तर पुन्हा तीच फळी.

पहिल्या फोनवर उत्तर मिळालं, वापरून वापरून मऊ होईल. दुसऱ्या फोनवर सांगितलं, रात्री पॅड काढून घरात ठेवत जा. तेही केलं. महिनाभर रोज रात्री चार बकलं सोडायची आणि पहाटे काकडलेल्या बोटांनी पुन्हा आवळायची. शेवटी वडिलांची जुनी घोंगडी दुहेरी घडी करून पॅडवर बांधली, तेव्हा गारठा थांबला. जे काम २,८९९ रुपयांच्या पॅडने करायचं होतं ते घरातल्या घोंगडीने केलं.

मग उन्हाळा. एप्रिलमध्ये लासलगावला बाजार समितीबाहेर गाडी तासभर उन्हात होती. तिथे सावली नाही, शेकडो गाड्या उन्हातच असतात. बसलो आणि तसाच उठलो. डाव्या मांडीच्या मागे लाल चट्टा उठला, तो दोन दिवस होता. बाटलीतलं अर्धं पाणी पॅडवर ओतलं, ते शिवणीतून आत गेलं आणि येवल्यापर्यंत ओल्या पँटने गेलो. साधं रेक्झिनही तापतं, गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण त्याला ओलं फडकं मारलं आणि दोन मिनिटं गाडी पळाली की ते निवतं. तुमचं जेल लवकर निवत नाही. ते उष्णता पोटात साठवतं आणि सावकाश सोडत राहतं. आणि पॅड निवल्यावरही खालून वारा खेळायला जागाच नाही, घाम तिथेच मुरतो. मे महिनाभर घामोळ्यांनी हैराण झालो.

याच महिन्यात मागची शिवण उसवली. कुठेही अडकलेलं नाही, कापलेलं नाही, फोटो बघा. उसवलेलं पॅड घेऊन मी त्याच सीटवाल्याकडे गेलो. त्याने फटीतून बोट घालून थर मोजले : वर काळं जाड कापड, त्याखाली करंगळीएवढं जेल, मग मेमरी फोम, तळाला साधा फोम. जाळी कुठेच नाही. मग त्याने मला जे सांगितलं ते तुमच्याकडे पाच महिन्यांत एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. दुकानात पंख्याखाली जेलवर बसलं की गार वाटतं, कारण ते तुमच्या अंगाची उष्णता घेत असतं. ते अंगाइतकं गरम झालं की संपलं, पुढे घ्यायला त्याच्यात जागा उरत नाही. आणि आधीच उन्हात तापलं असेल तर तेच तुम्हाला चटका देतं. उन्हाळ्यासाठी वर जाड विणीची जाळी लागते, म्हणजे अंग आणि सीट यांच्यामधून वारा जातो. थंडीसाठी वर कापड किंवा लोकर हवी आणि आत गारठ्यात न आखडणारा चांगला घट्ट फोम हवा. दोन्ही ऋतूंना पुरवायचं असेल तर पॅड एक आणि वरची खोळ बदलती. हे त्याने पॅड हातात धरून दोन मिनिटांत समजावलं.

आता कालचा फोन. कॉल रेकॉर्ड होतो असं तुमचीच टेप सांगते, तेव्हा रेकॉर्डिंग काढा आणि स्वतः ऐका.

मी एका बागायतदाराच्या ओट्यावर होतो. खरड छाटणीनंतरच्या, म्हणजे द्राक्षवेलींच्या उन्हाळी छाटणीनंतरच्या फवारणीचं बोलणं चालू होतं, चार शेतकरी बसले होते. तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा म्हणून फोन स्पीकरवर टाकला. तुमच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "सर, आपलं वजन किती?" मी म्हणालो, अठ्ठ्याहत्तर किलो, आणि तुमच्या खोक्यावर एकशे वीसपर्यंत चालेल असं लिहिलंय. त्यावर तो म्हणाला, "सर, आपल्याला मूळव्याधीचा त्रास आहे का?"

ओट्यावर शांतता झाली. एक जण हसला. घरमालक वयाने वडिलांसारखे, ते खाली बघायला लागले. मी त्या माणसांना औषधाची मात्रा सांगतो, माझ्या शब्दावर ते एकरी हजारो रुपयांची फवारणी करतात. मी म्हणालो, नाही, मला काही त्रास नाही, पॅडला आहे. तर म्हणतो, "सर, तशा पेशंटना कुठलंही पॅड टोचतं. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, मग आपण कंप्लेंट पुढे नेऊ."

मी वरिष्ठांना जोडायला सांगितलं. सात मिनिटं गाणं ऐकवलं. मग वरिष्ठ आले आणि म्हणाले, हे पॅड टूरिंगसाठी आहे, फिरतीवरच्या लोकांनी रोज वापरायला ते बनवलेलंच नाही. मी खोक्यावरची ओळ वाचून दाखवली. 'रोजच्या प्रवासासाठी.' त्यांचं उत्तर शब्दशः देतो : "सर, ते मार्केटिंगचं वाक्य असतं." आणि लगेच, "अजून काही मदत करू शकतो का?"

त्या मुलावर माझा राग नाही. समोरच्या स्क्रीनवर जे प्रश्न येतात ते तो वाचतो. पण तो प्रश्न स्क्रीनवर लिहिला कुणी? पॅड तापतं, गारठतं, उसवतं अशी तक्रार आली की ग्राहकाला मूळव्याध आहे का ते विचारायचं, हे तुमच्यापैकी कुणीतरी ठरवलंय. त्याचं नाव मला नको, लेखी माफी हवी. चार माणसांत झालेली शोभा २,८९९ रुपये परत करून भरून निघत नाही.

माझ्या मागण्या सांगतो. पूर्ण पैसे परत हवेत. बदली पॅड नको, तेही असंच असणार. वॉरंटी सहा महिन्यांची आहे आणि ९ जूनला संपते. डिसेंबरपासून मला 'होईल, बघतो' करत तिथपर्यंत आणलंय याची नोंद मी ठेवली आहे, प्रत्येक फोनची तारीख माझ्याकडे आहे. आणि खोक्यावरून ती ओळ काढा. 'उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार' हे खरं असतं तर मला घोंगडी बांधावी लागली नसती आणि मांडी भाजली नसती. हे पॅड घेऊन तुमच्यातलं कुणी एकदा तरी मे महिन्यात लासलगावला आणि जानेवारीत निफाडला बसलं होतं का?

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करणं तुमच्या तक्रार अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. माझ्या तीन मेलपैकी एकाचीही पोच आलेली नाही. ९ जूनपर्यंत पैसे खात्यात आले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करेन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला राहत्या ठिकाणी दावा करता येतो आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही. खोक्यावरच्या त्या ओळीचा फोटो दाव्याला पहिला जोडेन. ते मार्केटिंगचं वाक्य असतं, हे आयोगापुढे येऊन सांगा.

माझ्या सांगण्यावरून आमच्याकडच्या दोघांनी हेच पॅड घेतलंय. त्यांना मी आता काय तोंड दाखवू? चार वर्षं मी तुमचं नाव चांगलं म्हणून सांगत होतो. हातमोजे फाटले की नवे दुसऱ्या कंपनीचे घेईन.

पॅड काढून पिशवीत बांधून ठेवलंय, चारही बकलं आणि खोका सोबत आहे. गाडीवर सध्या घोंगडी आहे. पॅड न्यायला माणूस पाठवाल तेव्हा सकाळी आठच्या आत पाठवा, नंतर मी घरी नसतो.

तुमचा ग्राहक,
निफाड, जि. नाशिक