बहात्तर खांब उभे करणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या पत्त्यावर टाकता आलं असतं. पण तुम्ही आमच्या शाळेत तीन शनिवार जे केलंत, ते इतिहास शिकवणाऱ्या इतरांच्याही कानावर जावं असं फार वाटतं, म्हणून सगळ्यांदेखत लिहिते आहे.

आपली पहिली भेट २०१४ च्या जानेवारीतली. ब्रिटिश म्युझियममधला, प्राचीन इराणचा राजा सायरस याचा मातीचा दंडगोल तेव्हा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता. एवढं नाव ऐकलेली वस्तू प्रत्यक्षात जेमतेम वीतभर, मधे फुगीर, पखवाजासारखी. मी काचेसमोर गोंधळून उभी होते आणि शेजारी तुम्ही होतात. ओळख ना पाळख, पण तुम्ही समजावून सांगायला लागलात. इ.स.पू. ५३९ मध्ये सायरसनं बाबिलोन घेतलं आणि मग तिथल्याच भाषेत, तिथल्याच मर्दुक देवाचं नाव घेऊन हा मजकूर लिहवला. लोक त्याला मानवी हक्कांचा पहिला जाहीरनामा म्हणतात; तुम्ही म्हणालात, राजानं स्वतःविषयी लिहवून घेतलेलं आधी राजाचं म्हणणं म्हणून वाचायचं, मग त्याला नाव द्यायचं. ते मी त्याच रात्री वहीत उतरवलं. गेल्या वर्षी नववीच्या मुलांसाठी तुम्हाला फोन केला तो त्या वहीच्या भरवशावर. माण तालुक्यातल्या शाळेत एसटीनं येऊन प्राचीन इराण शिकवाल का, असं विचारताना माझीच जीभ अडखळत होती. तुम्ही फक्त मैदान केवढं आहे ते विचारलंत.

पहिल्या शनिवारी तुम्ही फळ्यावर एकच मोठं चित्र लावलंत आणि कुठलं, कधीचं, काहीही सांगितलं नाहीत. अर्धा तास नुसतं बघायचं आणि जे दिसतं तेवढंच बोलायचं. मला धास्ती वाटत होती, मुलं दहा मिनिटांत कंटाळतील. दगडात कोरलेली माणसं ओळीनं चालली होती. पुढच्याचा हात एका दरबारी माणसानं धरलेला. मागच्यांची अंगं उघडी, कमरेला आखूड धोतरासारखं वस्त्र, एकाच्या खांद्यावर आडवी काठी आणि दोन्ही टोकांना टोपल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ही तर कावड!"

शिखर शिंगणापूरच्या यात्रेत दर चैत्रात मुंगी घाटातून कावडी चढताना पाहणारी ही मुलं. त्यांना ती ओळखायला पुस्तक लागलं नाही. मग तुम्ही उलगडून सांगितलंत: हे पर्सेपोलिस, म्हणजे तख्त-ए-जमशीद, प्राचीन इराणच्या सम्राटांची राजधानी. सम्राट पहिल्या दारियसनं इ.स.पू. ५१८ च्या सुमारास बांधायला घेतलेलं. अपादाना नावाच्या सभागृहाच्या जिन्यावर साम्राज्यातली २३ शिष्टमंडळं भेटी घेऊन चालली आहेत आणि हे त्यातलं हिंदुश प्रांताचं, म्हणजे सिंधूकाठचं. टोपल्यांतल्या पिशव्यांत सोन्याची धूळ असावी असं अभ्यासक मानतात, कारण भारतीयांकडून ३६० टॅलंट (तेव्हाचं एक वजन) सोन्याची धूळ येते असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं लिहून ठेवलंय. "म्हणजे आपली माणसं!" असा गलका झाला, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "सिंधूकाठची. सगळा भारत नव्हे." मुलांचा आनंद तुम्ही मोडला नाहीत, पण तो नेमक्या जागी नेऊन ठेवलात. मग पुन्हा चित्राकडे वळवलंत. या ओळींत कुणी कुणाला मारत नाही, कुणी पायाशी लोळत नाही, प्रत्येक म्होरक्याला हाताला धरून नेलंय. राजाला आपलं राज्य असंच दिसायला हवं होतं. मुलांनी लगेच विचारलं, "पण तसं होतं का?" हा प्रश्न माझ्या वर्गात याआधी आपणहून कधी आला नव्हता.

दुसरा शनिवार मी विसरणार नाही. अपादानाचे एकूण ७२ खांब: मधल्या दालनात सहा रांगांत ३६ आणि तीन बाजूंच्या ओसऱ्यांमध्ये बारा-बारा. खरं अंतर ठेवलं असतं तर आमचं मैदान पुरलं नसतं, म्हणून तुम्ही ते निम्मं केलंत, फक्कीनं खुणा मारल्यात आणि दोन तुकड्यांमधली ७२ मुलं एकेका खुणेवर उभी केलीत. प्रत्येक खांब सुमारे वीस मीटर उंच, माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले दोन प्राणी, बहुतेक ठिकाणी बैल, आणि त्यांच्या पाठींच्या खाचेत छताची तुळई. मुलांनी हात वर करून ते छत तोललं. मग तुम्ही सांगितलंत, इ.स.पू. ३३० मध्ये अलेक्झांडरच्या सैन्यानं हे जाळलं. लाकडी छत कोसळलं. आज तेरा खांब उभे आहेत.

"तेरा जणांनी उभं राहा. बाकीच्यांनी खाली बसा."

एकोणसाठ मुलं मातीत बसली. उभ्या तेरांमध्ये आमची एक अतिशय अबोल मुलगी होती. तिचे हात तसेच वर होते, आणि ते खाली घे असं सांगायला कुणाची जीभ रेटेना, तुमचीही नाही.

तिसऱ्या शनिवारी माती मळून पाट्या केल्यात, तेव्हा मला वाटलं आता थोडी मजा. पण ती मजेपुरती नव्हती. १९३३ साली पर्सेपोलिसच्या तटबंदीत हजारो मातीच्या पाट्या सापडल्या, बहुतेक एलामी या तिथल्या जुन्या भाषेतल्या, इ.स.पू. ५०९ ते ४९३ या काळातल्या. त्यांत विजयांच्या गोष्टी नाहीत, धान्य आणि मद्य कुणाला किती दिलं त्याच्या नोंदी आहेत. आमची पोषण आहाराची नोंदवही मागवून तुम्ही त्या पाट्यांशेजारी ठेवलीत, आणि राजवाड्यामागचे मजूर, कारागीर, वाटसरू एकदम माणसं झाली. बाळंतिणीला जादा शिधा मिळे हे ऐकून मुली खूश झाल्या. मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट, हे कळल्यावर एकीनं पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "मग मी हे नाही लिहिणार." तुम्ही त्या राजांची बाजू सावरून घेतली नाहीत. त्याच नोंदींमध्ये कामगारांच्या गटांवर देखरेख करणाऱ्या आणि मोठा शिधा मिळवणाऱ्या स्त्रियाही आहेत हे सांगितलंत, आणि दोन्ही गोष्टी एकाच पाटीवर लिहायला लावल्यात. ती पाटी आज शिक्षकांच्या खोलीत आहे.

भाषेचा तास तर तुम्ही जाता जाता, बसची वाट बघत घेतलात! इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर दारियसनं जुन्या पर्शियन भाषेत कोरवलेल्या लेखात सायरसच्या दोन मुलांपैकी बर्दियाला कंबुजियाचा "ब्राता, हमाता, हमपिता" म्हटलंय, म्हणजे एका आईचा, एका बापाचा भाऊ. आपला 'स' तिकडे 'ह' होतो एवढीच किल्ली तुम्ही दिलीत. सिंधूचं हिंदू मुलांनी लगेच सांगितलं. पण गावात हरिनामाचा सप्ताह आणि बँकेत कर्जाचा हप्ता, या दोन्हींत तेच 'सात' बसलेत हे कळल्यावर एसटी आलेलीही कुणाला दिसली नाही.

पुढे मुंबईच्या सहलीत मुलं फोर्टमधल्या पारशांच्या अग्यारीच्या दाराशी पंख असलेले बैल पाहून थबकली, आत जायचं नसतं हे सांगावंही लागलं नाही. पाटण्याजवळच्या कुम्हरारचं ८० खांबांचं मौर्य दालन ज्या उत्खननात उजेडात आलं, त्याला जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी पैसा दिला होता, आणि उत्खनन करणाऱ्या पुरातत्त्वज्ञ स्पूनरला तिथं पर्सेपोलिसची आठवण झाली होती, हे मी त्यांना तिथंच सांगितलं. मौर्यांनी इराणकडून किती घेतलं, किती आपलं, यावर अजून वाद आहे हेही सांगितलं. बोलताना माझ्या तोंडी तुमचे शब्द येत होते.

तुम्ही मानधन घेतलं नाहीत. निघताना शिदोरी म्हणून दिलेल्या बाजरीच्या भाकऱ्या तेवढ्या घेतल्यात. तुमचे उपकार मी कशानं मोजू?

मागच्या आठवड्यात पाऊस झाला आणि मैदानावरच्या खुणा धुऊन गेल्या. सोमवारी प्रार्थनेआधी येऊन पाहते तो मुलांनी फक्की मागून घेऊन सगळ्या बहात्तर पुन्हा मारलेल्या. उभे तेरा नेमके कोणते, यावर मात्र एकमत होत नाही. अपादानाचा नकाशा पाठवाल का? की स्वतःच याल?

तुमची कृतज्ञ,
नववीची इतिहासाची शिक्षिका