खड्डा मुरुमापर्यंत न्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात आमच्या सोसायटीने तिसरं बोरिंग घेतलं. सहाशे फूट गेलो, वर आली ती काळ्या दगडाची पिठासारखी धूळ. तरी जो तो म्हणत होता, "अजून शंभर फूट घ्या, खाली तळं लागेल." म्हणून हे पत्र.

इंदूरखाली तळंबिळं नाही. माळव्याचं पठार लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेलं. पाणी राहतं ते वरच्या दगडाचा कुजून मुरूम झालाय तिथे, त्याखालच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्याजवळच्या सच्छिद्र दगडात. शंभर घागरी भिजलेल्या मुरमातून हाती येतं जेमतेम दोन-तीन घागरी पाणी. खाली भरीव पाषाण. भेग सापडली तर पाणी, नाही तर धूळ. म्हणून शेजारच्या बोरिंगला पाणी आणि वीस फुटांवरचं आपलं कोरडं, असं होतं. खोल जाऊन पाणी वाढेलच, हा हिशेब या दगडात चालत नाही.

पाऊस मात्र वर्षाला साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ऐंशी हजार लिटरहून अधिक! अडचण काळ्या मातीची आहे. ती भिजली की फुगते आणि झाकण लावल्यासारखी बंद होते. मी पाहिलेले पाणी जिरवायचे बरेच खड्डे तीन-चार फुटांचे, काळ्या मातीतच संपणारे. श्रावणात ते तुडुंब भरतात आणि पाणी रस्त्याने वाहून जातं. खड्डा माती ओलांडून मुरुमात उतरलाच पाहिजे. खणताना जवळ उभं राहा, खालचा मुरूम हातात घेऊन बघा.

रामबागेतल्या आमच्या वाड्याचा आड मुरुमातच उतरलेला आहे. १९७८ साली जलूदहून नर्मदा सत्तर किलोमीटर चालून आली, तेव्हा आजीने नळाला हळदकुंकू वाहिलं होतं. पुढे आडात कोणी डोकावेना, आणि बांधकामाचा मलबा त्यात पडला तेव्हा मीही गप्प बसलो. त्याचं आज फार वाईट वाटतं.

२०२३च्या रामनवमीला इथल्या एका मंदिरात बावडीवरचं, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवरचं, छत कोसळून ३६ माणसं गेली. तेव्हापासून विहीर म्हटली की बुजवून टाका, असं ऐकू येतं. ती भीती मला कळते. पण घात झाला तो विहीर झाकून तिच्यावर वावरण्याने. कठडा आणि वर मजबूत जाळी असलेली उघडी विहीर वस्तीत सुखाने नांदू शकते.

महापालिकेने वॉर्डवार जुन्या विहिरींची यादी करून त्या उपसाव्यात, ही विनंती. आत गच्चीचंच पाणी सोडावं, तेही वाळू-खडीतून गाळून. रस्त्याचं किंवा गटाराचं पाणी नको, कारण दगडातल्या भेगा पाणी गाळत नाहीत. घाण सरळ शेजाऱ्याच्या बोरिंगमध्ये पोहोचते.

आमच्या आडातला मलबा काढायला आम्ही सुरुवात केली आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर दोरी सोडून पाण्याची पातळी मोजू, आणि आकडे आपल्याला कळवू.

आपला,
एक वाचक, इंदूर