सरपण कोणाचे?

संपादक महोदय,

व्हिडिओ गेमवर लिहिताना कथा एका परिच्छेदात आणि ‘गेमप्ले’ (प्रत्यक्ष खेळण्याची रीत आणि नियम) दुसऱ्यात उरकायची पद्धत पडली आहे. ‘डार्क सोल्स’ (२०११) या जपानी गेमला ती लागू पडत नाही. विझत चाललेली आग आणि मरण नाकारलेली शापित माणसे ही त्याची कथा, आणि तीच नियमांत मुरलेली आहे.

मेलात की शत्रू मारून कमावलेले ‘सोल्स’ (या खेळातले चलन) त्याच जागी पडून राहतात; ते उचलण्याआधी पुन्हा मेलात तर कायमचे गेले. बॉनफायरपाशी, म्हणजे विसाव्याच्या शेकोटीपाशी, बसलात की एस्टस या जखमा भरणाऱ्या पेयाचे पाच घोट भरून मिळतात, पण वाटेतले बहुतेक शत्रूही पुन्हा उभे राहतात. पाचाचे दहा करायचे तर एक ‘ह्युमॅनिटी’ (माणूसपण देणारी दुर्मीळ वस्तू) खर्चून आधी शापित रूपातून माणसात यायचे, मग दुसरी त्या शेकोटीच्या आगीत घालायची. नवखे नेमके इथेच हात आखडतात. पण शेवटी ती विझती आग तेवत ठेवायला नायकाने स्वतःच सरपण व्हायचे का, या प्रश्नाची ही रंगीत तालीमच असते!

दुसऱ्या भागात (२०१४) दर मरणागणिक कमाल आरोग्य घटत निम्म्यावर येते. कल्पना कथेला धरून आहे, पण मार खाणाऱ्यालाच आणखी दुबळा करते. तिथे तोल गेला, असे माझे मत आहे.

– एक वाचक, पुणे