कबुतरांच्या आजारांचे नमुने घेऊन तपासणीला पाठवण्याची सोय कोल्हापुरात करावी

मा. पशुसंवर्धन मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

राज्यात कबुतरांची चर्चा होते ती बहुधा मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून. कोल्हापुरात मात्र पेठापेठांत, माडीवर आणि पत्र्याच्या छपरावर, लोकांनी हौसेने जपलेल्या ढाबळी आहेत आणि त्यांतल्या पक्ष्यांचे जिवाणूजन्य आजार आजही अंदाजाने हाताळले जातात.

कबुतर पिसे फुलवून कोपऱ्यात बसते, हिरवट पातळ विष्ठा टाकते, पंखाचा सांधा सुजून पंख लोंबतो, पुढे मान वाकडी होते, आणि सगळे त्याला ‘मानमोडी’ म्हणून मोकळे होतात. वाकडी मान विषाणूमुळे होते, तशीच साल्मोनेला जिवाणू मेंदूपर्यंत पोहोचल्यानेही होते. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, साल्मोनेलावर योग्य ते निवडावे लागते, आणि हा निवाडा नुसत्या नजरेने होत नाही. शिवाय बरे दिसणारे कबुतरही अधूनमधून विष्ठेतून साल्मोनेला सोडत राहते. म्हणून एकाच दिवसाच्या नमुन्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

प्रत्यक्षात काय होते? दुकानातून आणलेली कॅप्सूल फोडून पाण्याच्या भांड्यात टाकली जाते आणि पाणी पिवळसर झाले की औषध लागू पडणार असे मानले जाते. त्याच भांड्याशेजारी शिंपल्यांचा चुरा असतो, ज्यातले कॅल्शियम डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाला बांधून ठेवते आणि ते पक्ष्याच्या अंगी कमी लागते.

याहून अवघड गोष्ट जिवाणूंच्या रूपांची आहे. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधे जिवाणूला त्याची पेशीभित्ती, म्हणजे पेशीभोवतीचे कठीण आवरण, नीट उभारू देत नाहीत. कबुतरांच्या श्वसनमार्गात आढळणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूला ती भित्तीच नसते, म्हणून ही औषधे त्यावर चालत नाहीत. एरवी भित्ती असलेले काही जिवाणूही ती टाकून जगू शकतात; अशा रूपांचे पहिले वर्णन जिवाणूशास्त्रज्ञ एमी क्लीनेबर्गर यांनी लंडनच्या लिस्टर संस्थेत 1935 मध्ये केले. ‘एल-रूप’ म्हणून ओळखले जाणारे हे जिवाणू प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या संवर्धन माध्यमावर सहसा वाढत नाहीत आणि औषध थांबल्यावर त्यांतले काही पुन्हा भित्ती उभारतात. कबुतरांत आढळणारा क्लॅमिडिया सिटासी हा जिवाणू तर जिवंत पेशीतच वाढतो. प्रयोगशाळेत त्याला पेनिसिलिन दिले की तो मरण्याऐवजी फुगून, विभाजन थांबवून तग धरतो आणि औषध काढले की पूर्ववत वाढू लागतो. अशा जिवाणूंच्या बाबतीत ‘वाढ आढळली नाही’ एवढाच अहवाल हाती घेऊन पक्षी निरोगी ठरवणे चुकीचे आहे.

हाच क्लॅमिडिया वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाच्या फुप्फुसात जातो. ताप, कोरडा खोकला, कधी न्यूमोनिया होतो. ढाबळ झाडणारी बहुधा घरातलीच मुले असतात, याची मला फार काळजी वाटते.

म्हणून विनंती अशी की, कोल्हापूरच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात कबुतरांच्या विष्ठेचे सलग काही दिवसांचे एकत्रित नमुने आणि घशातील स्रावाचे नमुने घेऊन ते पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवण्याची कायमची व्यवस्था करावी. साल्मोनेलाचे संवर्धन व औषध-संवेदनशीलता चाचणी (कोणते औषध लागू पडेल ते पाहणारी), तसेच क्लॅमिडिया आणि मायकोप्लाझ्मासाठी पीसीआर चाचणी (जिवाणू न वाढवता त्याचा जनुकीय अंश शोधणारी) परवडणाऱ्या शुल्कात व्हावी. आणि चिठ्ठीविना होणारी प्रतिजैविकांची विक्री रोखण्यासाठी अन्न व औषध प्रशासनाला आपल्या विभागाने लेखी कळवावे. नमुने बर्फात ठेवून योग्य रीतीने पोहोचवण्याचे प्रशिक्षण दिल्यास आम्ही कबुतरपालक त्या कामात हातभार लावू.

आपला विश्वासू,
कोल्हापुरातील एक कबुतरपालक